फरशीखालचं पाणी

बेकरीवाल्या बाईंना मूलबाळ नव्हतं, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तरी शुक्रवारच्या बैठकीत त्या उठल्या, चष्मा कपाळावर सारला आणि "माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता," असं म्हणाल्या, तेव्हा कुणी दचकलं नाही. बैठकीचा रिवाजच तसा होता. आपली गोष्ट आपण सांगायची नाही. ती आधी एकाच्या कानात घालायची. पुढच्या बैठकीत त्याने ती 'मी, मी' करत स्वतःची म्हणून सांगायची. आणि त्याच्या पुढच्या बैठकीत त्याच्या उजव्या हाताला बसलेल्याने ती पुन्हा सांगायची, तीही 'मी' म्हणूनच. दोन तोंडांतून गेली की गोष्ट गल्लीची झाली. मूळ कुणाची, हे विचारायचं नाही. विचारायचा तो एकच प्रश्न, तोही दुसऱ्या तोंडाला, आणि त्याने तो आपल्यालाच विचारलाय असं धरून उत्तर द्यायचं. हे खूळ भूगोलाच्या मास्तरांचं. सुरुवातीच्या बैठका नुसत्या भांडणात गेल्या होत्या. गल्लीच्या मागून पूर्वी ओढा वाहायचा, तो कधीकाळी फरश्या टाकून झाकला होता. आता उन्हाळ्यात त्या फरश्यांनी गल्ली तव्यासारखी तापायची आणि पावसाळ्यात खालचं कोंडलेलं पाणी मोऱ्यांतून उलटं घरात यायचं. ओढा उघडा करायचा, काठाला झाडं लावायची, पाण्याला जागा करून द्यायची, यासाठी मंडळी जमायची आणि जो तो आपलंच रडगाणं घेऊन बसायचा. माझ्याकडे गुडघाभर, तुमच्याकडे घोटाभरच, तुमच्या संडासामुळेच सगळं. मास्तर कंटाळले आणि म्हणाले, आपलं दुःख स्वतः सांगितलं की त्याचं भांडण होतं, उद्यापासून शेजाऱ्याचं सांगा. पहिल्याच दिवशी मिशाळ मेकॅनिक उभा राहून "मी तेव्हा सात महिन्यांची गरोदर होते, आणि पाणी पलंगापर्यंत आलं" असं म्हणाला, तेव्हा वाचनालयाचा हॉल हसून लोटपोट झाला. तोही हसला. पण अर्ध्यावर त्याचा आवाज फुटला, आणि शेवटी त्यालाच कुणीतरी पाणी आणून द्यावं लागलं. तेव्हापासून कुणी हसत नसे.

ती बाईंच्या उजव्या हाताला बसली होती. ती म्हणजे कान तपासणारी, गल्लीच्या टोकाच्या घरातली. खरं तर मागे भिंतीला टेकून बसायची तिची सवय. पण आज आत शिरताच बाईंनी हाक मारली होती, "इकडे ये गं, जागा धरलीये तुझ्यासाठी," आणि खुर्चीवरची पिशवी उचलून घेतली होती. ती ऐकत होती अर्ध्या कानाने. दिवसभर लोकांच्या कानांत शिट्ट्या वाजवून डोकं जड झालं होतं. बाई सांगत होत्या की मुलाला पाण्यात वस्तू सोडायचं वेड होतं. घरामागे ओढ्यावर बुटकासा पूल होता, त्याच्या वरच्या अंगाला तो उभा राहायचा, खालच्या अंगाला मी. तो चमचा, झाकण, कधी स्वतःची चप्पल पाण्यात टाकायचा आणि ओरडायचा, "सोडलं!" वस्तू पुलाखालून यायची आणि मी ती पकडायची. बाई बोलायला चांगल्या होत्या. गिऱ्हाइकाला पावाची किंमत सांगतानाही त्या दोन क्षण थांबायच्या. आताही थांबल्या. मग म्हणाल्या, "थंडीचे दिवस यायचे होते. मी त्याच्यासाठी हिरवा स्वेटर घेतला होता विणायला. एक बाही झाली होती. दुसरी राहिली होती."

 खुर्चीला धरायला हात नव्हते, मग तिने आपले गुडघे धरले. तो स्वेटर तिने पाहिला होता, नुसता पाहिला नव्हता, घातला होता. आईच्या पेटीत, सगळ्यात तळाशी, एका बाहीचा हिरवा स्वेटर. सहा-सात वर्षांची असताना तो अंगात घालून, उघडा हात स्वयंपाकघरात मिरवत ती आईपुढे उभी राहिली होती, गंमत म्हणून. आईने आयुष्यात एकदाच तिला मारलं, ते तेव्हा. का मारलं ते सांगितलं नाही. संध्याकाळी मावशी आली होती, तिने हिला पायरीवर नेऊन हळूच सांगितलं, "तुझ्या आधी एक होता. पाण्यात गेला. आईपुढे काढू नकोस कधी." एवढाच तिचा भाऊ. एक होता आणि पाण्यात गेला. त्याला चेहरा नव्हता, आवाज नव्हता, घरात फोटो नव्हता. होता तो फक्त जमिनीखाली, कारण ज्या ओढ्यात तो गेला त्याच्यावर नंतर फरश्या पडल्या आणि त्या फरश्यांवर बाबांनी स्वयंपाकघर वाढवलं. लहानपणी ती तिथे अनवाणी चालायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, गार लागतं. आणि आता शेजारी उभी राहून, जिला मूल नाही अशी बाई सांगत होती की तो झोपताना एक पाय पांघरुणाबाहेर काढायचा, की त्याला शिंक येण्याआधी हसू यायचं. त्याला शिंक येण्याआधी हसू यायचं, हे सांगायला आईला बेकरीवाली बाई सापडली. एका घरात, एका छताखाली, एवढी वर्षं समोरासमोर बसून जेवलेल्या मुलीला तिने यातला एक शब्द दिला नाही. तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, आणि मेलेल्या पाच वर्षांच्या मुलाचा हेवा वाटला, आणि मग या हेव्याची लाज वाटली.

"त्या दिवशी पाणी गढूळ होतं, वाढलं होतं थोडं," बाई म्हणाल्या. "मी खालच्या अंगाला हात पाण्यात घालून उभी. तो ओरडला, सोडलं! मी वाट पाहिली. काही आलं नाही. मला वाटलं, चमचा असेल, अडकला असेल कुठे दगडाला. मी तशीच उभी. किती वेळ उभी होते देव जाणे. मी चमच्याची वाट पाहत होते." हॉलमध्ये पंखा तेवढा वाजत होता. "माणसं उतरली, दोर टाकले, शेजारच्या गावापर्यंत काठाकाठाने गेली. तो सापडला नाही. मग वर्षाच्या आत सगळ्यांनी मिळून ओढा झाकला. माझ्यासाठीच झाकला म्हणे. मला कुणी विचारलं नाही. मी अजून खालच्या अंगालाच उभी आहे. पाणी उघडं करा." बाई खाली बसल्या आणि त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. प्रत्येक गोष्ट अशी मागणीने संपवायची, हाही रिवाज होता. टाळ्या वाजवायच्या नसत. मास्तर उठून म्हणाले की पुढच्या शुक्रवारी ही गोष्ट दुसऱ्या तोंडी, आणि हिच्याकडे बघून त्यांनी मान हलवली. त्यांचा चेहरा भोळा होता. त्यांना काही माहीत नव्हतं. निघताना मात्र ते घुटमळले. "आणि ते आपल्या घराचं कळवताय ना? बाकी सगळ्यांचा होकार आलाय. तुमचं टोकाचं घर, तुमच्या स्वयंपाकघरापासूनच खणायला लागणार. घाई नाही, पण पावसाळ्याच्या आत झालं तर बरं." ती नेहमीसारखी म्हणाली, "आईचं वय झालंय, मास्तर. धूळ, आवाज. बघते."

बघते, बघते करत तिने महिने काढले होते. घर बाबांनी तिच्या नावावर केलेलं. तिने नाही म्हटलं की सगळा बेत फसला. धूळ आणि आवाज हे सांगायला ठीक होतं. खरं कारण तिला स्वतःशीही धड मांडता येत नव्हतं. खाली त्याला झाकून ठेवलंय तोवर आई निदान वर आहे, स्वयंपाकघरात, तिच्यासमोर. उघडं केलं की आई काठावर जाऊन बसेल, आणि मग काय, मग आई त्याचीच. एवढी पन्नाशीला टेकलेली बाई आणि आई हिसकावली जाईल म्हणून धास्तावते, हे कुणाला सांगणार? आणि दुसरं म्हणजे भीती. खणताना काही निघालं तर. आणि काहीच निघालं नाही तर. यातली कुठली भीती मोठी, हे तिचं ठरत नव्हतं.

घरी आई मटार सोलत बसली होती. गुडघ्यांमुळे ती संध्याकाळच्या बैठकीला येत नसे. दुपारी मात्र काठी टेकत बेकरीपर्यंत जायची आणि तिथल्या बाकावर तासन् तास बसायची. पावाचा वास आवडतो म्हणायची. हिला ते खरं वाटलं होतं.

"झाली का बैठक?"

"झाली."

"कोण बोललं?"

"बेकरीवाल्या बाई."

"बऱ्या बोलतात त्या. घाई करत नाहीत." आईने एक शेंग उघडली, दाणे वाटीत पाडले. "आता पुढच्या वेळी कोण?"

"मी."

आई जराही चकित झाली नाही. तेव्हा हिला ती खुर्चीवरची पिशवी कळली. जागा कुणी धरायला सांगितली होती ते कळलं. "नीट बोल मग," आई म्हणाली. "तू मान खाली घालून बोलतेस. माणसांना ऐकू जात नाही. आणि मटार खा थोडे, गोड आहेत." आईचे हात शेंगांवरून फिरत राहिले. ही समोर बसून राहिली. विचारावं, असं शंभरदा ओठांवर आलं. त्या घरात विचारायची रीत नव्हती. बाबा होते तोवर तेही कुजबुजतच बोलायचे. रेडिओ लावला तर कानाला लावून. मैत्रिणी म्हणायच्या, तुमच्याकडे कुणी आजारी आहे का गं? असल्या घरात वाढलेल्या पोरीने कान तपासायचा धंदा धरला यात नवल काही नाही. रात्रीची भांडी आवरताना तिने नळ बंद केला आणि ऐकलं. फरशीखालून काही ऐकू येत नव्हतं. आईला येत असे. मागे एकदा तिने आईचे कान तपासले होते. खालचे, जाडे सूर आईला जवळजवळ ऐकूच येत नव्हते, आणि जाड फरशीआडून पाणी वाजतं ते त्याच सुरांत. "खाली खळखळतंय," असं आई म्हणायची, तेव्हा ती मनात म्हणायची, हे कानाने नाही ऐकत.

तो सगळा आठवडा दवाखान्यातल्या काचेच्या खिडकीच्या खोलीशी गेला. खोली आतून कापसासारख्या जाड पॅडने मढवलेली. माणूस आत बसतो, कानांवर हेडफोन चढवतो, हातात बटण घेतो. ती बाहेर बसून एकेक सूर सोडते. ऐकू आलं की बटण दाबायचं. सूर बारीक बारीक होत जातात आणि एक वेळ अशी येते की तिने काहीच सोडलेलं नसतं, तरी माणूस दाबतो. सगळेच दाबतात. म्हातारे, तरुण, हुशार, मठ्ठ. वाट पाहणाऱ्याला ऐकू येतंच. ती कागदावर खूण करते आणि पुढे जाते. यात आजार काही नाही. त्या आठवड्यात मात्र प्रत्येक खोट्या बटणाशी तिचा हात थबकायचा. एक रिटायर्ड पोस्टमास्तर आत बसले होते, डोळे मिटून, आणि तिने काहीही न सोडता त्यांनी तीनदा बटण दाबलं आणि चेहऱ्यावर असं समाधान आलं की तिला काचेवर टकटक करून सांगावंसं वाटलं, काका, काही नाहीये तिथे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःच आत जाऊन बसली आणि दार लावून घेतलं. पहिल्यांदा तिचं रक्त तिला ऐकू आलं, ते सगळ्यांनाच येतं. मग गिळण्याचा आवाज. मग काही नाही. तिने गोष्ट म्हणून बघायला सुरुवात केली, तोंडातल्या तोंडात. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता.  मी खालच्या अंगाला उभी होते. म्हणताना तिचा उजवा हात आपोआप खाली गेला, बोटं पसरली, जणू त्यांच्यातून काही वाहत होतं. तिला गार लागलं. खरंच लागलं. वरच्या अंगाला कुणीतरी ओरडेल अशी तिने वाट पाहिली, आणि वाट पाहताना तिला भीती नाही वाटली, तर, आता काय सांगावं, तिला बरं वाटलं. थांबावंसं वाटलं. दार उघडून सहकारी आत डोकावली, "मॅडम, पेशंट आलाय, तुम्ही आत काय करताय?" तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण अर्धा तास तिथे बसलोय. आई रोज बेकरीच्या बाकावर बसते ती अशीच, तिच्या मनात आलं. पावाचा वास कुठला डोंबलाचा.

शुक्रवारी आई म्हणाली, "आज मी येते." तिने रिक्षा बोलावली, आईला हाताला धरून वाचनालयाच्या पायऱ्या चढवल्या. बेकरीवाल्या बाईंनी आईला दाराजवळची खुर्ची दिली, पाठीला उशी दिली, आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, जुन्या मैत्रिणी हसतात तशा. हॉल भरला होता. मेकॅनिकने खिडकीत बसून पाय लोंबते सोडले होते. मास्तरांनी उन्हाचा आकडा सांगितला, मागच्या वर्षीपेक्षा जास्त, आणि सांगून झाल्यावर घाम पुसला. मग हिचं नाव न घेता नुसता हात केला. ती उठली. खाली बघायचं नाही, आईने सांगितलं होतं. समोर बघावं तर समोर दारात आईच.

"माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता," ती म्हणाली.

सुरुवातीला बाईंचेच शब्द तिच्या तोंडून निघत होते, पूल, चमचा, झाकण, चप्पल. पुढे पुढे ते तिचे तिलाच ओळखू येईनात. बाईंनी सांगितलं नव्हतं ते ती सांगू लागली: की पाण्यातून आलेली चप्पल वाळायच्या आत तो पुन्हा पायात घालायचा, की माझे हात नेहमी ओले असायचे त्यामुळे लोकरीला धरून बसता येत नसे, म्हणून तर बाही मागे पडली. हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. पण दारातली आई मान हलवत होती. ती म्हणाली, मी चमच्याची वाट पाहत होते, आणि त्या क्षणी ती खरोखरच कुणाची मुलगी नव्हती. ती तरुण होती, पाण्यात वाकलेली होती, तिच्या मागे घर होतं आणि त्या घरात अजून दुसरं मूल व्हायचं होतं, आणि ते कधी झालं नसतं तरी तिला चाललं असतं. हे कळलं तेव्हा ती बोलता बोलता थांबली. आपल्याविषयी इतकं स्वच्छ सत्य तिला कधी कळलं नव्हतं. त्याने लागायला हवं होतं. लागलं, पण तो हात अजून पाण्यात होता, आणि वाकून वाकून पाठ भरून आली होती, आणि त्या बाईला कुणीतरी आता सरळ उभं करायला हवं होतं. धूळ होवो, आवाज होवो. काही निघो, न निघो. "माझ्यासाठी झाकला म्हणे," ती म्हणाली. "मला कुणी विचारलं नाही. पाणी उघडं करा. आमच्या स्वयंपाकघरापासून सुरू करा."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मास्तर उठायला लागले, खाली बसले. होकार मिळाला हे त्यांना कळलं होतं, बाकीचंही थोडं थोडं कळू लागलं होतं, आणि त्यांचा भोळा चेहरा कसनुसा झाला. "प्रश्न," ते घसा साफ करून म्हणाले. "एक. कुणाला विचारायचा असेल तर." कुणी हात वर केला नाही. मग दारापाशी काठी वाजली. आई उठत होती. बेकरीवाल्या बाई मदतीला सरसावल्या तर आईने त्यांचा हात बाजूला केला. ती पुरती उभी राहीपर्यंत सगळे थांबले.

"बाई," आई म्हणाली. परक्या माणसाशी बोलावं तशी, अदबीने. "तुम्हाला मग दुसरं मूल झालं का हो?"

"झालं," ती म्हणाली. "मुलगी."

"तिच्यावर माया केलीत का?"

हे दोन प्रश्न झाले, असं कुणी म्हणालं नाही. हिला आपल्या कानात आपलंच रक्त ऐकू येत होतं. मी म्हणून उत्तर द्यायचं, रिवाज तसाच. नाही, असं म्हणता आलं असतं, आणि आयुष्यभर तेच म्हणायचं तिच्या मनात होतं. तिने उत्तर शोधलं नाही. ती फक्त मनाने त्या घरात गेली, लहान मुलीच्या अंगाने नाही तर आईच्या अंगाने. मुलगी दारातून आत येतेय, ती धडधाकट आहे, हसतेय, आणि तिला जवळ घेऊन चार लोकांना ऐकू जाईल असं काहीतरी लाडाचं म्हणावंसं वाटतंय, आणि पायाखाली फरशी आहे.

"केली," ती म्हणाली. "पण मोठ्याने नाही केली. खाली पाणी होतं ना."

आईने काठीवर भार देऊन मान वळवली.

"बरोबर आहे या बाईंचं," ती बेकरीवालीला म्हणाली, आणि खाली बसली.